दुसरा कंट्रोलर आहे, पण छेद कुठे आहे?

स्टोरेजच्या कुठल्याही ब्रोशरमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘या यंत्रणेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर नाही.’ म्हणजे काय, तर असा एकही भाग नाही जो एकटा बसला की सगळंच बसेल. कंट्रोलर दोन, पॉवर सप्लाय दोन, केबल दोन. पीएचडीला येण्याआधी मी चार वर्षं एका कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये स्टोरेज सांभाळायचे. हे वाक्य मी स्वतः कितीतरी प्रेझेंटेशनमध्ये टाकलंय. त्यामुळे आजची टीका थोडी माझ्यावरही आहे.

आज ज्या पेपरबद्दल लिहायचंय तो जुना आहे, २००८ च्या युझेनिक्स फास्ट परिषदेतला. लेखक वेहांग जियांग, चोंगफेंग हू, युआनयुआन झोउ आणि अर्काडी कानेव्हस्की. शीर्षकच एक प्रश्न आहे: स्टोरेजमधल्या बिघाडांना मुख्यतः डिस्कच जबाबदार असतात का? आमच्या विषयात हा पेपर सगळे वाचतात, सगळे उद्धृत करतात. मीही केलाय. पण मागच्या महिन्यात थीसिसच्या दुसऱ्या प्रकरणासाठी तो परत वाचायला घेतला, आणि त्यातल्या मोजणीच्या नियमापाशी अडकले. तो नियम काय आहे आणि मला तो का खटकतो, ते सांगते.

आधी यंत्र समजून घेऊ

मोठ्या बँकेचा किंवा सरकारी खात्याचा डेटा सहसा सर्व्हरच्या पोटातल्या डिस्कवर नसतो. तो स्टोरेज ॲरे नावाच्या वेगळ्या कपाटात असतो. त्यात डिस्कनी भरलेली शेल्फ असतात आणि त्यांच्यावर हुकूम चालवणारे दोन कंट्रोलर. कंट्रोलर म्हणजे तसा एक कॉम्प्युटरच. सर्व्हरने लिहायला दिलेला डेटा तो आपल्या मेमरीत ठेवतो, ‘मिळालं’ असं लगेच कळवतो आणि डिस्कवर नंतर सवडीने उतरवतो. या तात्पुरत्या जागेला राइट कॅश म्हणतात. ‘मिळालं’ म्हणण्याआधी तोच डेटा दुसऱ्या कंट्रोलरच्या मेमरीतही जातो. म्हणजे पहिला मधेच मेला तरी डिस्कवर न उतरलेलं काम दुसऱ्याकडे असतं.

दोघं एकमेकांना सतत ‘मी आहे’ असा निरोप पाठवत असतात. याला हार्टबीट म्हणतात. तो थांबला की दुसरा कंट्रोलर पहिल्याच्या डिस्क ताब्यात घेतो. हा फेलओव्हर.

ऐकायला सोपं आहे. पण यात तीन अवघड गोष्टी दडलेल्या आहेत.

पहिली म्हणजे ओळखणं. निरोप आला नाही, तर समोरचा मेला, की फक्त मधली तार तुटली, की तो जिवंत आहे पण हळू झालाय? दोघांनाही ‘दुसरा मेला’ असं वाटलं तर दोघंही एकाच डिस्कवर लिहायला लागतात आणि डेटाचा चिवडा होतो. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. म्हणून ताबा घेणाऱ्याने आधी समोरच्याचा डिस्कवर लिहिण्याचा हक्क काढून घ्यायचा असतो, म्हणजे फेन्सिंग करायचं असतं.

दुसरी म्हणजे वेळ. लिनक्समध्ये डिस्कला दिलेल्या कमांडची ठरलेली मुदत ३० सेकंद असते. फेलओव्हर त्याहून जास्त रेंगाळला तर वर सर्व्हरवर चुका दिसायला लागतात. सेटिंग तसं असेल तर फाइलसिस्टम स्वतःला ‘फक्त वाचा, लिहू नका’ या अवस्थेत नेऊन ठेवते. मग खाली ॲरे सुखरूप उभा राहिला तरी वरचं ॲप्लिकेशन पडलेलंच असतं.

तिसरी म्हणजे ताकद. दोन्ही कंट्रोलर ७०-७० टक्के कामात असतील तर एक गेल्यावर उरलेल्याकडे १४० टक्के काम येतं. शिवाय आता त्याच्या कॅशची प्रत ठेवायला जोडीदार नाही, म्हणून बरेच ॲरे अशा वेळी ‘मिळालं’ म्हणण्याआधी थेट डिस्कवरच लिहितात, म्हणजे आणखी हळू.

‘कंट्रोलर दोन आहेत’ हे विधान वस्तूंबद्दलचं आहे. ‘फेलओव्हर होईल’ हे विधान एका घटनेबद्दलचं आहे. पहिलं बिलावर दिसतं. दुसरं कुठे दिसतं?

पेपर काय सांगतो

जियांग आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष ग्राहकांकडे चालू असलेल्या सुमारे ३९,००० स्टोरेज यंत्रणांचे ४४ महिन्यांचे लॉग तपासले. त्यात सुमारे १८ लाख डिस्क आणि १,५५,००० शेल्फ होती. तोवरचं बहुतेक संशोधन ‘डिस्क किती बिघडतात’ याभोवती फिरत होतं. २००७ च्या फास्टमध्येच बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी दाखवलं होतं की डिस्कच्या माहितीपत्रकावरून वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के बिघाड अपेक्षित धरावे लागतात, पण लोक प्रत्यक्षात डिस्क बदलतात त्याचं प्रमाण सर्रास २ ते ४ टक्के असतं. जियांग यांचा पेपर एक पाऊल मागे सरकून विचारतो, की सगळं लक्ष डिस्ककडेच का?

त्यांचं उत्तर असं: स्टोरेजच्या या थरातल्या बिघाडांपैकी डिस्कचा वाटा २० ते ५५ टक्के, तर केबल, शेल्फ आणि जोडण्यांचा वाटा २७ ते ६८ टक्के. उरलेले बिघाड प्रोटोकॉलचे आणि वेग मंदावण्याचे.

यातला एक निष्कर्ष मला आजही सगळ्यात जास्त आवडतो. स्वस्त डिस्क वापरणाऱ्या, बॅकअपसारख्या कामाच्या ‘निअरलाइन’ यंत्रणांमध्ये डिस्कचा वार्षिक बिघाड १.९ टक्के होता. त्यामानाने महाग डिस्क वापरणाऱ्या छोट्या प्राथमिक यंत्रणांमध्ये तो फक्त ०.९ टक्के. डिस्कपुरतं पाहिलं तर महाग घेणारा शहाणा. पण डिस्क, शेल्फ, केबल असा पूर्ण संच पाहिला तर चित्र उलटं होतं: निअरलाइन ३.४ टक्के, छोट्या प्राथमिक यंत्रणा ४.६ टक्के. चांगल्या डिस्कवर खर्च करणाऱ्यांच्याच पदरी जास्त बिघाड.

आणखी दोन गोष्टी. शेल्फपर्यंत जाणाऱ्या वाटा दोन असतील तर संचाचा बिघाड ३० ते ४० टक्क्यांनी कमी होतो. आणि बिघाड सुटे-सुटे येत नाहीत. एका शेल्फमध्ये एक झाला की लगेच दुसरा होण्याची शक्यता, ‘दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही’ असं धरून काढलेल्या गणितापेक्षा कितीतरी जास्त असते. रेडची बरीचशी हिशोबाची परंपरा नेमकी याच गृहीतकावर उभी होती.

या शेवटच्या मुद्द्याचं पुढे एक अस्सल उदाहरण मिळालं. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला: फर्मवेअरमधल्या दोषामुळे ३२,७६८ तास चालल्यावर त्या बंद पडतात आणि डेटाही परत मिळत नाही. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. दोनाचा १५ वा घात म्हणजे ३२,७६८. म्हणजे तास मोजणारा आकडा आपल्या मर्यादेबाहेर गेला, हे ओळखायला संगणकवाल्यांना फार वेळ लागणार नाही. आता कल्पना करा: ॲरे नवा कोरा आला, सगळ्या डिस्क एकाच दिवशी चालू केल्या. मग त्या मरणारही जवळपास एकाच वेळी. तिथे रेड काय करणार? कंट्रोलरचंही हेच आहे. दोघांवर फर्मवेअर एकच असतं. ज्या कमांडने पहिला कोलमडला, तीच कमांड सर्व्हर परत पाठवतो आणि ती आता दुसऱ्यासमोर येते.

मोजणीचा नियम

आता माझी तक्रार.

पेपरमध्ये बिघाड मोजलाय तो रेडच्या थरापर्यंत पोचल्यावर. खालच्या थरात चूक झाली, पण पुन्हा प्रयत्न केल्यावर काम झालं किंवा दुसऱ्या वाटेने भागलं, तर तो बिघाड नाही. नियम म्हणून यात चूक काही नाही. कुठेतरी रेष मारावीच लागते, आणि लेखकांनी ती कुठे मारली ते स्वच्छ सांगितलंय. पण या रेषेमुळे एक गोष्ट कायमची पुसली जाते: वाचलेले प्रसंग.

अपूर्णांकाच्या भाषेत सांगते. ‘दुसरी वाट विश्वासार्ह आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर एक अपूर्णांक आहे. अंशात, दुसऱ्या वाटेने काम निभावलं असे प्रसंग. छेदात, तिला हाक मारली असे सगळे प्रसंग. पेपर आपल्याला फसलेले प्रसंग मोजून देतो. एकूण किती वेळा हाक मारली, ते देत नाही. छेदच नाही.

बाजू मांडायची तर, ‘दोन वाटांमुळे ३० ते ४० टक्के घट’ हा निष्कर्ष आडवाटेने छेदाजवळ पोचतो. दोन वाटांच्या आणि एका वाटेच्या यंत्रणांमधला फरक म्हणजे दुसऱ्या वाटेने झेललेले बिघाड, असं म्हणता येईल. पण ही तुलना वेगवेगळ्या ग्राहकांची आहे. ज्यांनी दुहेरी जोडणीचे पैसे मोजले, त्यांचं डेटा सेंटरही जास्त नीटनेटकं असण्याची, माणसंही जास्त अनुभवी असण्याची शक्यता आहे. घट केबलमुळे किती आणि शिस्तीमुळे किती, हे यातून वेगळं होत नाही. आणि दुसरी वाट असून जे बिघाड उरले, ते का उरले? केबल दोन असल्या तरी शेल्फची मागची पाटी, ज्यात सगळ्या डिस्क खोचलेल्या असतात, ती एकच असते. हे झालं एक कारण. ‘हाक मारली, पण कोणी आलंच नाही’ हे दुसरं. दोन्ही एकाच आकड्यात मिसळलेली आहेत.

आणि कंट्रोलर? तो तर पेपरच्या कुंपणाबाहेरच आहे. अभ्यास आहे तो कंट्रोलरच्या खालच्या जगाचा. तरीही गेली कित्येक वर्षं ‘दुहेरी कंट्रोलर का घ्यावा’ याच्या समर्थनार्थ हाच पेपर दाखवला जातो. मीही दाखवलाय. हा दोष लेखकांचा नाही, आमचा वाचकांचा आहे.

माझी केबल

हे मला का टोचतं, ते सांगते. तेव्हा आमच्याकडे एका ॲरेच्या कंट्रोलरचं फर्मवेअर बदलायचं होतं. पद्धत नेहमीची: पहिल्याचं काम दुसऱ्याकडे द्या, पहिला अपग्रेड करा, मग उलट. शनिवारची रात्र, महिन्याची तीस तारीख. पहिला कंट्रोलर खाली गेला, दुसऱ्याने ताबा घेतला, ॲरेच्या पडद्यावर सगळं व्यवस्थित. आणि पगाराचा सर्व्हर मेला.

पहाटे चारला कारण सापडलं. त्या सर्व्हरला वाटा दोन होत्या, पण दोन्ही पहिल्याच कंट्रोलरवर जात होत्या. स्विचवरच्या झोनिंगमध्ये चूक झाली होती. सर्व्हर दाखवत होता ‘पाथ २, दोन्ही चालू’. ते खरंच होतं. जवळजवळ दोन वर्षं ते खरं होतं.

त्या झोनिंगच्या चेकलिस्टवर ‘रिडन्डन्सी तपासली’ यापुढे सही माझी होती. मी तपासलं होतं म्हणजे काय केलं होतं? दोन हिरवे दिवे पाहिले होते. आमच्या सरांना मी तेच सांगितलं, “सर, दोन्ही दिवे हिरवे होते.” ते चिडले नाहीत. म्हणाले, “अगं, दिवा सांगतो केबल जिवंत आहे. ती कुठे जाते ते दिवा कुठे सांगतो? ते कळायचं तर एक उपटून बघावी लागते.”

डेटा गेला नाही. पण बँकेला पाठवायची फाइल वेळेवर गेली नाही, आणि आमच्या इमारतीच्या सिक्युरिटी आणि सफाईच्या लोकांचे पगार दोन दिवस उशिरा झाले. इंजिनिअर मंडळींना त्याने काही फरक पडला नाही. सोमवारी सकाळी गेटवरच्या काकांनी मला विचारलं, “मॅडम, पगाराचं काय झालं, काही कळलं का?” त्यांना माहीत नव्हतं की ते योग्य माणसालाच विचारताहेत.

जियांग यांच्या नियमाने या प्रसंगाची नोंद काय झाली असती? शून्य. डिस्क ठीक, शेल्फ ठीक, खालच्या केबल ठीक, फेलओव्हर यशस्वी.

सिडनी

माझा प्रसंग छोटा होता. मोठा पाहायचा तर ऑस्ट्रेलियाच्या कर खात्याचा पाहा. १२ डिसेंबर २०१६ ला त्यांच्या सिडनीच्या डेटा सेंटरमधला एचपीईचा थ्रीपार ॲरे बसला. खात्याच्या बहुतेक यंत्रणा कोलमडल्या, आणि देशभरातल्या कर सल्लागारांचं काम अडलं. खात्याने पुढच्या वर्षी आपला अहवाल जाहीर केला, आणि मला वाटतं स्टोरेजच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो वाचावा.

मूळ कारण होतं ताण पडलेल्या फायबर ऑप्टिक केबल. म्हणजे २००८ च्या पेपरने नेमकं ज्याकडे बोट दाखवलं होतं तेच. ८०० पैकी फक्त १२ डिस्क गेल्या, पण डेटाची मांडणी अशी होती की तेवढ्यांनी बहुतेक सगळ्या यंत्रणा अडवल्या. ही मांडणी करताना टिकाऊपणापेक्षा वेगाला झुकतं माप दिलं होतं. पूर्ण ॲरे गेला तर सगळं आपोआप दुसरीकडे हलवायची सोय खर्चाच्या मानाने परवडणारी नाही म्हणून घेतलेली नव्हती. आणि दुरुस्तीसाठी लागणारी काही साधनं कुठे होती? त्याच ॲरेवर. किल्ली आत आणि दार बंद.

आणखी दोन तपशील. आधीच्या सहा महिन्यांच्या लॉगमध्ये अशाच प्रकारच्या अडचणींच्या खुणा होत्या. काही केबल बदलल्याही गेल्या होत्या. त्या नोंदींपैकी ज्यांत दुसऱ्या वाटेने काम भागलं असेल, त्या पेपरच्या नियमाने बिघाडात धरल्याच गेल्या नसत्या. म्हणजे जे सगळ्यात उपयोगी पडलं असतं, तेच मोजणीबाहेर. आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲरे पुन्हा बसला, तो ताण पडलेल्या केबल बदलण्याच्या कामात डेटा कार्ड जागची हलल्यामुळे. दुरुस्तीनेच दुसरा बिघाड घडवला.

मग कोणी मोजलंय का?

माणसाच्या हाताबद्दल जिम ग्रे यांनी १९८५ मध्येच लिहून ठेवलंय. ते तेव्हा टँडममध्ये होते, जिथे यंत्रांचे सगळे महत्त्वाचे भाग जोडीनेच असत. ग्राहकांनी कळवलेल्या बंद पडण्याच्या घटना त्यांनी वर्गवार लावल्या: देखभाल आणि हाताळणी ४२ टक्के, सॉफ्टवेअर २५, हार्डवेअर फक्त १८, वीज वगैरे परिसरातली कारणं १४. सगळं दोन-दोन केल्यावर हार्डवेअर मागे पडतं आणि माणूस व सॉफ्टवेअर पुढे येतात.

छेदाच्या सर्वांत जवळ पोचला तो हर्यादी गुनावी आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा पेपर. त्यांनी ३२ इंटरनेट सेवांच्या ५९७ बंद पडण्याच्या घटना जाहीर माहितीवरून गोळा केल्या आणि विचारलं, की ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर नाही’ असं म्हणणाऱ्या सेवा बंद का पडतात? त्यांचं उत्तर साखळीचं आहे: बिघाड पूर्ण ओळखला गेला पाहिजे, फेलओव्हरचा कोड निर्दोष पाहिजे आणि राखीव भाग खरोखर चालू स्थितीत पाहिजे. तिन्ही कड्या एकाच वेळी. मला जे म्हणायचं होतं ते त्यांनी माझ्याआधी आणि माझ्याहून नेमकं म्हटलंय. पण त्यांची सामग्रीही फक्त फसलेल्या प्रसंगांचीच. निभावलेला फेलओव्हर बातमीत येत नाही.

तर माझं मत

जियांग यांचा पेपर मी अजूनही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला देईन. डिस्कवरची नजर हलवून केबलवर आणण्याचं मोठं काम त्याने केलं, आणि तेही खऱ्या, अवाढव्य सामग्रीवर. पण ‘दोन आहेत, म्हणून सुरक्षित आहे’ याला तो पुरावा नाही. तो सांगतो काय-काय मोडतं. मोडल्यावर सांभाळणारा येतो का, हे तो सांगत नाही.

ज्यांच्याकडे छेद आहे, ते म्हणजे ॲरे बनवणाऱ्या कंपन्या. प्रत्येक फेलओव्हर लॉगमध्ये असतो: कधी सुरू झाला, किती सेकंद लागले, किती वेळा अर्ध्यात अडकला. माझ्या थीसिसचा अर्धा भाग हे आकडे मिळतील या आशेवर उभा आहे, आणि आतापर्यंत दोन ठिकाणांहून गोड शब्दांत नकार आलाय. ब्रोशरमध्ये ‘९९.९९९९ टक्के’ छापायचं तर हा अपूर्णांकही शेजारी छापा, एवढीच मागणी आहे.

तुम्ही स्टोरेज सांभाळत असाल तर तुमच्यापुरता छेद तुम्ही स्वतः तयार करू शकता. वर्षातून दोनदा, दिवसाउजेडी, सगळ्यांना कळवून, एक कंट्रोलर मुद्दाम खाली घ्या. सेकंद मोजा. कुठला सर्व्हर ओरडतो ते बघा. दोन वाटा कुठे जातात ते दिव्यांवरून ठरवू नका. रिकव्हरीची साधनं कुठे ठेवली आहेत, तेही एकदा बघून घ्या. वरिष्ठ म्हणतील, “चालू आहे ते कशाला हलवायचं?” मीही एकेकाळी हेच म्हटलं असतं. तेव्हा त्यांना तीस तारखेची गोष्ट सांगा.

पुढच्या वेळी मंदावणाऱ्या कंट्रोलरबद्दल लिहीन. जो मेलेला नाही, पण धड जिवंतही नाही, त्याला हार्टबीट पकडू शकत नाही, आणि हा प्रकार मला फेलओव्हरपेक्षाही जास्त छळतोय.